विहिरीत पाणी येतं कुठून? आपल्या शिवारातलं भूजल मोजायला शिकताना

एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसू लागला की शिवारात एकच प्रश्न फिरतो: अजून किती खोल जायचं? विहीर उतरवायची, आडवे बोअर घ्यायचे, की सरळ नवा बोअर मारायचा? पैसे उभे राहतात, गाडी येते आणि दोन दिवसांत निर्णय होऊन जातो. त्या निर्णयाच्या आधी काय काय पाहायचं, काय मोजायचं आणि त्याचा अर्थ कसा लावायचा, ते इथे क्रमाने दिलं आहे. ज्यांनी शेती नुकतीच हातात घेतली आहे, जे ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आले आहेत किंवा पाणलोटाच्या कामात पहिल्यांदाच उतरत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

सामान साधं आहे: ३० मीटरची टेप, तिला बांधायला वजन, खडू, ऑइलपेंट, गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी, २०० लिटरचा ड्रम, घड्याळ असलेला मोबाइल आणि एक जाड वही. वेळ मात्र एक पूर्ण वर्ष द्यावा लागतो. पावसाळ्याच्या आधीचा आणि नंतरचा आकडा हातात आल्याशिवाय भूजलाबद्दल खात्रीने काही बोलता येत नाही.

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. म्हणून बहुतेक उदाहरणं त्याच खडकाची घेतली आहेत.

आधी दोन बादल्या

हा प्रयोग अंगणात होतो आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे, म्हणून तो टाळू नका. १० लिटरच्या दोन बादल्यांना तळाशी भोक पाडून बूच लावा. एकीत कोरडी नदीची वाळू भरा, दुसरीत वाळवून फोडलेली काळी माती. आता मापाने पाणी ओता. ते एका कडेने, सावकाश सोडा. घाईने मधोमध ओतलं तर आतली हवा अडकते आणि माप कमी भरतं.

वाळूच्या बादलीत साडेतीन ते चार लिटर पाणी मावतं. एवढी तिच्यातली पोकळी. आता बूच काढा आणि खाली गळणारं पाणी मोजा. ओतलं तेवढं परत येत नाही. बरंचसं पाणी कणांना चिकटून आतच राहतं. काळ्या मातीत पोकळी वाळूपेक्षा जास्त असते, पाणीही जास्त मावतं, पण बूच काढल्यावर जेमतेम थेंब गळतात.

साठवणं वेगळं आणि सोडणं वेगळं. विहिरीला फक्त सुटणारं पाणी मिळतं. एकूण आकारमानापैकी जेवढं पाणी आपल्या वजनाने गळून येतं, त्याच्या टक्केवारीला भूजलशास्त्रात स्पेसिफिक यील्ड म्हणतात. देशभर भूजलाचा अंदाज काढण्याच्या ठरलेल्या पद्धतीत नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळाला ही टक्केवारी सुमारे १६ धरतात. झिजलेल्या आणि भेगा असलेल्या बेसाल्टला धरतात २, फार तर ३.

हा २ चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक हेक्टर क्षेत्राखालची पाणीपातळी एक मीटर खाली गेली, तर गाळाच्या प्रदेशात १६ लाख लिटर पाणी निघालेलं असतं. आपल्या बेसाल्टात निघतं २ लाख लिटर. तेच पाणी उपसायला आपली पातळी आठपट खाली जाते. पावसाळ्यात ती भरभर वर येते, तेव्हा कारण हेच असतं. तुडुंब विहीर बघून ‘यंदा पाणी भरपूर’ असं म्हणणं म्हणूनच धोक्याचं आहे.

मातीतलं पाणी आणि वाफसा

पाऊस पडला की पाणी सरळ खडकात जात नाही. वाटेत मातीचं देणं असतं. मोठा पाऊस झाल्यावर मातीतल्या मोठ्या पोकळ्यांमधलं पाणी दोन-तीन दिवसांत खाली उतरतं, तिथे हवा शिरते, बारीक पोकळ्यांमध्ये पाणी टिकून राहतं. हाच वाफसा. शेतकऱ्याच्या तोंडचा हा शब्द मृदाशास्त्रातल्या फील्ड कपॅसिटीच्या अगदी जवळ जातो आणि त्यात हवेचीही जाणीव आहे, म्हणून तो अधिक नेमका वाटतो. माती वाफशापर्यंत भरल्यावर वर पडणारं पाणीच खाली जायला मोकळं होतं.

एक मीटर खोल काळी माती पिकाला उपयोगी पडेल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते. एक फुटाची हलकी, मुरमाड जमीन धरते ३० ते ४० मिलिमीटर. जूनमध्ये दोन्हीकडे सारखा पाऊस होऊनही माळावरच्या विहिरीची पातळी आधी हलते आणि काळवटीतल्या विहिरीला ऑगस्ट उजाडतो, ते याचमुळे.

मोठ्या पावसानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुदळीने खड्डा घेऊन ओल किती खोल गेली ते पाहा. वरची ओल खालच्या ओलीला भिडली आहे, की मध्ये कोरडा पट्टा आहे? पट्टा असेल तोवर विहिरीची वाट पाहू नका.

माती पाणी किती वेगाने पिते, तेही मोजता येतं. ३० सेंटिमीटर व्यासाचं, तेवढ्याच उंचीचं पत्र्याचं कडं घ्या (जुन्या ड्रमचा तुकडा चालतो). वर आडवी फळी ठेवून ठोकत ते १० सेंटिमीटर जमिनीत बसवा. आत पोत्याचा तुकडा टाका, म्हणजे पाण्याच्या धारेने माती ढवळणार नाही. १० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरा आणि दर १० मिनिटांनी पातळी किती मिलिमीटर उतरली ते लिहा. पाणी निम्मं झालं की पुन्हा भरा. लागोपाठ तीन नोंदी सारख्या आल्या की थांबा. त्या आकड्याला ६ ने गुणलं की ताशी वेग मिळतो. वाळूसारख्या जमिनीत तो ३० मिलिमीटरच्या वर, पोयट्यात १० ते २०, भारी चिकणमातीत १ ते ५ असतो.

नवखी मंडळी इथे दोन चुका करतात. पहिली, उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत हा प्रयोग करून ‘आमची जमीन खूप पाणी पिते’ असं लिहून मोकळं होणं. ते पाणी भेगांनी गिळलेलं असतं. माती फुगून भेगा मिटल्यावर वेग एकदम पडतो, आणि पावसाळ्यातला खरा वेग तोच. दुसरी चूक म्हणजे कड्याच्या बाहेरून पाणी फुटतंय हे लक्षात न येणं. कड ओल्या मातीने लिंपून घ्या. शक्य असेल तर बाहेर आणखी मोठं कडं बसवून दोन्हींत पाणी भरा. नाहीतर आतलं पाणी बाजूला पसरतं आणि वेग फसवा, जास्त दिसतो.

खडक वाचायचा तो विहिरीच्या भिंतीवर

गावातली उघडी, न बांधलेली विहीर ही सगळ्यात स्वस्त प्रयोगशाळा आहे. मे महिन्यात, पातळी तळाशी असताना काठावर उभं राहून भिंतीचे थर वरून खाली लिहून काढा. टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो. आत उतरू नका. खोल, बंदिस्त विहिरीत खराब हवा साचलेली असू शकते आणि ती दिसत नाही.

साधारण क्रम असा दिसतो: वर माती, मग चुनखडीचे पांढरे खडे असलेला पट्टा, मग मुरूम, मग कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सोलले जाणारे गोल गोटे, त्याखाली आडव्या-उभ्या चिरा असलेला खडक आणि शेवटी अखंड काळा कातळ. प्रत्येक थर जमिनीपासून किती खोलीवर सुरू होतो आणि किती जाड आहे ते लिहा. मग सगळ्यात महत्त्वाची नोंद करा: झरे कोणत्या थरातून, कोणत्या दिशेने आणि किती खोलीवर फुटतात. जुनी माणसं खोली परसात सांगतात. त्यांचा परस किती फुटांचा, ते तिथेच विचारून घ्या, कारण गावागणिक माप बदलतं.

हा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर पसरून तयार झाला. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झाला, मधला भाग सावकाश थिजून घट्ट झाला. सच्छिद्र भागाला अनेक ठिकाणी मांजऱ्या म्हणतात. त्यातल्या बऱ्याच छिद्रांत पांढरी-हिरवट खनिजं भरलेली असतात आणि छिद्रं एकमेकांना जोडलेलीही नसतात, त्यामुळे नुसती छिद्रं दिसली म्हणून पाणी असेल असं नाही. हा भाग लवकर झिजतो, त्यात आडव्या चिरा पडतात, आणि पाणी त्या चिरांमधून चालतं. घट्ट कातळात पाणी असलंच तर फक्त भेगांमध्ये.

दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी कधी विटकरी रंगाचा मऊ थर लागतो. विहीर खोदणारे ‘गेरू लागला’ म्हणतात. एका लाव्हाच्या झिजलेल्या पाठीवर पुढचा लाव्हा येऊन ती भाजली गेली, तो हा थर. तो पाण्याला सहजासहजी खाली जाऊ देत नाही, म्हणून डोंगरउतारावर तो जिथे उघडा पडतो तिथे त्याच्या डोक्यावर झऱ्यांची रांग दिसते. बोअरमध्ये मात्र हाच थर त्रास देतो. पाणी लागलं की तो फुगतो, ढासळतो आणि मोटर अडकवतो.

आणखी एक गोष्ट शोधा: डाईक. लाव्हा ज्या उभ्या भेगांतून वर आला त्या भेगांत थिजलेल्या या खडकाच्या भिंती असतात. तापी खोऱ्यात, धुळे-नंदुरबार भागात त्या ठळक दिसतात. शेतातून सरळ रेषेत गेलेली दगडगोट्यांची वरंबी दिसली, की तिच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी ताडून पाहा. घट्ट डाईक जमिनीखालच्या बांधासारखा पाणी अडवतो. भेगाळलेला डाईक उलट पाणी वाहून नेतो. शंभर फुटांवरच्या दोन विहिरींपैकी एक भरलेली आणि दुसरी कोरडी असण्याचं कारण बऱ्याचदा इथे सापडतं.

पाणाड्याचा विषय निघतोच. नारळ किंवा काडी फिरण्याला मोजमापाचा आधार नाही. ओढ्याकाठच्या सखल भागात झिजलेला खडक जाड असतो, तिथे थोडंफार पाणी जवळपास कुठेही लागतं आणि श्रेय मात्र नारळाला जातं. आसपासच्या १० विहिरींची भिंत वाचलेली वही त्यापेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

पातळी मोजणं

विहिरीच्या कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने खूण करा. दरवेळी मोजमाप त्याच खुणेपासून घ्यायचं. टेपला वजन बांधा, शेवटच्या एक-दोन मीटरला खडू फासा, टेप पाण्यात थोडी बुडेल इतकी सोडा आणि खुणेपाशी कोणता आकडा आला तो लिहा. वर ओढल्यावर खडू जिथवर ओला झाला तिथला आकडा वजा करा. त्यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची पातळी मिळते. ही शेवटची वजाबाकी विसरणं ही सगळ्यात सामान्य चूक आहे, आणि तिने अख्ख्या गावाचा नकाशा बिघडतो.

पंप किमान १० ते १२ तास बंद असला पाहिजे. म्हणून पहाटेची वेळ बरी. शेजारची विहीर चालू होती का, तेही लिहा. बोअरमध्ये टेप सोडू नका, ती केबलमध्ये गुरफटते. तिथे पाण्याला टेकताच आवाज देणारा विजेचा साउंडर वापरतात.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरताना. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे तुमचे आकडे त्यांच्याशी ताडता येतील. एवढं जमत नसेल तर मेअखेर आणि सप्टेंबरअखेर ही दोन मापं तरी चुकवू नका. १,००० हेक्टरच्या आतल्या गावात २० ते २५ विहिरी पुरतात, फक्त त्या सगळ्या ओढ्याकाठच्या नकोत. माथा, उतार आणि तळ तिन्हीकडच्या घ्या.

पाणी कोणत्या दिशेने चाललंय

यासाठी तीन विहिरी लागतात, त्रिकोणात असलेल्या आणि एकाच थरातून पाणी घेणाऱ्या. कठड्यांची एकमेकांच्या तुलनेतली उंची पाण्याच्या नळीने किंवा डंपी लेव्हलने (उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीने) काढा. मोबाइलवरची उंची वापरू नका, ती कित्येक मीटरने चुकू शकते आणि आपल्याला इथे फरक दीड-दोन मीटरचा शोधायचा आहे.

समजा, पाण्याची उंची पहिल्या विहिरीत ५६२.४ मीटर, दुसरीत ५६०.९ आणि तिसरीत ५५८.२ आहे, आणि पहिल्या-तिसऱ्यामधलं अंतर ४२० मीटर आहे. दोघींमधला उतार ४.२ मीटर, म्हणजे दर १०० मीटरला एक मीटर. दुसऱ्या विहिरीएवढी पातळी पहिलीपासून १५० मीटरवर येते. कागदावर तो बिंदू आणि दुसरी विहीर रेघेने जोडा. त्या रेघेवर सगळीकडे पाणी समान उंचीवर आहे. तिच्याशी काटकोनात, तिसऱ्या विहिरीच्या बाजूला काढलेला बाण म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची वाट.

हा बाण बहुधा ओढ्याकडे वळलेला दिसेल. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओढा वाहतो तो याच पाण्यावर. गावात शौचखड्डे किंवा उकिरडे बाणाच्या वरच्या अंगाला असतील तर पिण्याच्या विहिरीसाठी ती धोक्याची सूचना आहे. भेगाळ खडकात पाणी गाळलं जात नाही. जे वर मिसळतं ते विहिरीत पोहोचतं.

विहिरीची आवक

विहिरीत पाणी किती साठलंय आणि ताशी किती येतंय, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पंपाची निवड दुसरीवर करायची असते.

आठ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर उंचीच्या पाण्यात सुमारे ५०,००० लिटर असतात. पंप चालवून पातळी दोन-तीन मीटर उतरवा, पंप बंद करा आणि ५, १०, १५, ३०, ६० मिनिटांनी आणि मग दर तासाला पातळी मोजा. पहिल्या तासात ४० सेंटिमीटर चढली तर आवक ताशी २०,००० लिटर. दुसऱ्या तासात हीच चढण ३० सेंटिमीटर दिसेल, मग २०. पातळी वर येईल तसा बाहेरच्या पाण्याचा रेटा कमी होतो, म्हणून वेग मंदावतो. त्यामुळे पहिल्या तासाचा आकडा घेऊन पूर्ण दिवसाला गुणू नका. मूळ पातळीवर यायला किती तास लागले, तोही आकडा लिहा. ऑक्टोबरला ८ तास आणि मार्चला ३० तास लागत असतील, तर त्या विहिरीचा रब्बी हंगाम कुठे संपतो ते तुम्हाला कळलं.

पंप किती फेकतो ते ड्रमने पाहा. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,०००. आवक १२,००० असेल तर उरलेले ६,००० लिटर दर तासाला साठ्यातून जातात. अशा वेळी मोठा पंप बसवल्याने पाणी वाढत नाही, विहीर लवकर कोरडी पडते एवढंच.

गावाचा हिशेब

८०० हेक्टरचं, २,००० लोकवस्तीचं गाव घ्या. मेअखेरच्या तुलनेत सप्टेंबरअखेर पातळी सरासरी ३ मीटरने वर आली. ८०० हेक्टर म्हणजे ८० लाख चौरस मीटर. गुणिले ३, गुणिले ०.०२. उत्तर ४,८०,००० घनमीटर, म्हणजे ४८ कोटी लिटर. हे ६० मिलिमीटर पाणी झालं. पाऊस ६०० मिलिमीटर पडला असेल तर त्याच्या दहा टक्के. बेसाल्टात सर्वसाधारणपणे ७ ते १३ टक्क्यांच्या दरम्यान पाऊस मुरल्याचं धरलं जातं, त्यामुळे आकडा पटण्यासारखा आहे. तुमचा आकडा २५ टक्के आला तर खूश होण्याआधी मोजमापं तपासा. बहुधा विहिरी फक्त सखल भागातल्या घेतल्या असतील.

आता खर्च. माणसाला दिवसाला ५५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर. ८०० जनावरांना दिवसाला ५० लिटरप्रमाणे जवळपास दीड कोटी. उरले ४२ कोटी. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. गव्हाला ४०० मिलिमीटर लागलं तर हेक्टरी ४० लाख लिटर, आणि सुमारे १०५ हेक्टर गहू निघतो. उसाला पाऊस वजा जाता १,६०० मिलिमीटर धरलं तर हेक्टरी १ कोटी ६० लाख, म्हणजे जेमतेम २६ हेक्टर. ८०० हेक्टरच्या गावात २६ हेक्टर! आणि यातलं काही पाणी ओढ्याने निघून जाणारच आहे, तो भाग वेगळा सोडायला हवा.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने असाच ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडून पीकपेरा ठरवला आणि शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असं ठरवून पाळलं. तिथल्या बांधबंदिस्तीची चर्चा खूप होते. या दोन निर्णयांची व्हायला हवी तितकी होत नाही, आणि त्यांच्याशिवाय ती बांधबंदिस्ती टिकली नसती असं वाटतं.

बोअर मारण्याआधी

बेसाल्टात खोल गेल्यावर वरच्या वजनाने भेगा मिटत जातात. गाळात जसा खाली आणखी वाळूचा थर मिळू शकतो, तसं इथे धरता येत नाही. कधी कधी खोलवर पाणी लागतं, पण ते एखाद्या भेगेत वर्षानुवर्षं साठलेलं असतं. दोन उन्हाळे चालतं, मग थांबतं, कारण त्याला भर घालणारी वाट अरुंद असते.

त्याहून मोठं नुकसान न दिसणारं आहे. वरच्या थरात विहिरींना पुरणारं पाणी असतं. खालचा थर रिकामा असताना बिनकेसिंगचा (आत आधाराचा पाइप न घातलेला) बोअर दोन्ही थर भेदून गेला, की वरचं पाणी त्या भोकातून खाली उतरू लागतं. बोअर कोरडा गेला म्हणून सोडून दिला तरी गळती चालूच राहते. निकामी बोअर चिकणमातीने नीट बुजवा. उघडं भोक लहान मुलांच्या जिवावर बेततं, ते तर आहेच.

गाडी आलीच तर हे करा. प्रत्येक रॉडला वर येणारा चुरा कागदावर ओळीने मांडा आणि खोली लिहा. रंग कुठे बदलला, गेरू कुठे लागला, ओला चुरा कुठे आला, हे तिथेच कळतं. घट्ट खडक लागेपर्यंत केसिंग घाला आणि गेरूच्या जागीही त्याची सोय आहे का ते विचारा. ‘दोन इंच पाणी’ म्हणजे काय, हे समजून घ्या. ते व्ही आकाराच्या काटकोनी खाचेवर मोजलं असेल तर एक इंच म्हणजे ताशी साधारण ५०० लिटर, दोन इंच म्हणजे २,९०० आणि तीन इंच म्हणजे ८,०००. इंच दुप्पट झाला की पाणी साडेपाचपटीच्या वर जातं. नुसत्या नजरेने सांगितलेल्या इंचाला मात्र अर्थ नाही. शिवाय कॉम्प्रेसरच्या हवेने फेकलेलं पहिल्या तासाचं पाणी हे भेगेतला साठा असतो. पंप लावून किमान सहा-आठ तास उपसा करून पाहिल्याशिवाय पाइपलाइनचे पैसे गुंतवू नका.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ नुसार ६० मीटरपेक्षा खोल असेल ती ‘खोल विहीर’, आणि अधिसूचित क्षेत्रात शेती किंवा उद्योगासाठी ती घ्यायला मनाई आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत काही खोदायचं असेल तर आधी परवानगी विचारा.

तापी आणि कोकण

जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावती भागात तापी-पूर्णेचा जाड गाळ आहे. तिथे वरचे आकडे लावू नका, कारण वाळूचे थर पाणी जास्त धरतात आणि सोडतातही. पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाणी असूनही ते खारट आहे, म्हणून तिथे पातळीइतकीच क्षारता मोजणं गरजेचं आहे.

कोकणात आणि गोव्यात उलटा पेच आहे. पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, तरी मे महिन्यात विहिरी कोरड्या. वरचा जांभा पाणी झटकन पितो. त्याखाली शेडीची चिकट माती असते, ती पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग ते आडवं चालत सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्याच्या, कडेने झऱ्यावाटे निघून जातं. तिथे पाणी मुरवण्यापेक्षा त्याला थोपवून धरणं, झऱ्याच्या वरच्या अंगाची झाडी राखणं आणि झऱ्याचं पाणी टाकीत धरणं जास्त कामाचं ठरतं.

पुनर्भरण करताना

पाणी मुरवायचं काम माथ्यावर आणि उतारावर, जिथे मुरूम वर आहे तिथे करा. कड्याच्या प्रयोगात ज्या जागांनी ताशी २० मिलिमीटरच्या वर पाणी प्यायलं, त्या आधी घ्या. खोल काळ्या मातीत तळं खोदून पाणी मुरत नाही, साचतं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात विहिरीचंच पाणी उपसून भरणं हे तर पुनर्भरणाच्या विरुद्ध आहे. उन्हाळ्यात त्यातून दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं.

नाला खोल करताना मुरूम संपून कातळ लागला की थांबा. झरे असलेला थर कापला गेला तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरतं, आणि पहिल्या वर्षी नाला भरलेला दिसल्याने चूक लक्षातही येत नाही.

बोअरच्या पुनर्भरणासाठी केसिंगभोवती दोन-अडीच मीटर रुंद, तीन मीटर खोल खड्डा घ्या. खड्ड्यातल्या केसिंगच्या खालच्या भागाला बारीक भोकं पाडून त्यावर नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळा. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू असा भराव करा आणि केसिंगचं तोंड जमिनीच्या वर राहील, त्यावर झाकण बसेल हे पाहा. शेतातून येणारं पाणी आधी एका गाळखड्ड्यात थांबवा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी आत घेऊ नका, त्यात माती, खत आणि फवारणीचा अंश सगळ्यात जास्त असतो. गोठ्याचं किंवा गटाराचं पाणी कधीच नाही. ज्या बोअरचं पाणी प्यायला वापरतात, त्याच्यावर हा प्रयोग टाळलेलाच बरा. दरवर्षी मे महिन्यात वरची अर्धा फूट वाळू काढून धुवा आणि परत पसरा. गाळ बसून पाणी खड्ड्यावर दोन दिवस तुंबून राहायला लागलं, तर जाळीसकट सगळा भराव काढून नव्याने भरावा लागतो.